म्हातारपणाची काळजी : कोणत्या कामाला कोणतं दार?

(कम्युनिटी रेडिओवरच्या बचत गटांच्या कार्यक्रमातलं हे बोलणं. अनेक गटांनी माहिती लिहून मागितली, म्हणून इथे छापत आहोत.)

आज वही-पेन घेऊन बसा. फोन नंबर, कार्यालयं, कागदपत्रं असं बरंच लिहून घ्यायचं आहे. ज्यांचे हात पिठात असतील त्यांनी पोरांना लिहायला बसवा.

आजचा विषय आहे घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी. गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता यावर बोलतो. पण बैठक उठल्यावर, चपला घालता घालता बायका जे बोलतात ते वेगळंच असतं. "सासूबाई पडल्या आणि माझी कंपनी सुटली." "मामंजींना रात्री तीनदा उठवावं लागतं, सकाळी फस्ट शिफ्टला डोळे उघडत नाहीत." "माझी आई तिकडे गावी एकटी आहे, मी इथे चाकणला खोलीत. तिला कोण बघणार?" हे बोलणं बैठकीच्या वहीत कधी येत नाही. आज ते वहीत घेऊ या.

आपल्या भागात हा प्रश्न आत्ताच का वाढला, तेही बघू. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली आला. पुढे आकुर्डी, भोसरी, चिंचवडला कंपन्या उभ्या राहिल्या. तेव्हा विशी-पंचविशीत कामाला लागलेली माणसं आज पंच्याहत्तरी, ऐंशीच्या घरात आहेत. नंतर चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या बाजूच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या. ज्यांच्या सातबाऱ्यावरून त्या गेल्या, ते शेतकरीही आता थकले. मुलगा कंपनीत, सून कंपनीत किंवा कॅन्टीनमध्ये, नातवंडं शाळेत. दिवसा घरात एकटं म्हातारं माणूस. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं एक कोटीच्या वर होती. ती संख्या आता वाढलीच असणार.

आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगते. दवाखान्याचा खर्च वेगळा आणि सांभाळण्याचा खर्च वेगळा. ऑपरेशन करायचं, भरती व्हायचं, यासाठी सरकारी योजना आहेत. पण घरी आणल्यावर रोज अंघोळ घालायची, कूस बदलायची, भरवायचं, यासाठी एकच खिडकी कुठेही नाही. जपानमध्ये २००० सालापासून याच कामासाठी वेगळा विमा आहे. तिथे चाळिशीपासून लोक हप्ता भरतात आणि म्हातारपणी त्यातून घरी मदतनीस मिळते. आपल्याकडे तसं नाही. आपल्याला चार-पाच दारं ठोठावून थोडी थोडी मदत गोळा करावी लागते. कोणतं दार कशासाठी, हे माहीत असलं तर हेलपाटे वाचतात.

आधी गरज ओळखा

धावपळ सुरू करण्याआधी घरी बसून सहा प्रश्न विचारा. आपलं माणूस स्वतः अंघोळ करतं का? कपडे घालतं का? संडासला एकटं जातं का? अंथरुणातून उठून खुर्चीत बसतं का? लघवी-संडासवर ताबा आहे का? स्वतःच्या हाताने जेवतं का? डॉक्टरही माणसाला किती मदत लागते हे याच गोष्टींवरून ठरवतात.

सहाही गोष्टी जमत असतील तर बीपी-शुगरच्या गोळ्या वेळेवर देणं, चष्मा-काठी, बाथरूममध्ये धरायला दांडी आणि कुणीतरी दिवसातून दोनदा डोकावणं, एवढ्यावर भागतं. एक-दोन जमत नसतील तर रोज कुणाचे तरी दोन तास लागतात. तीन-चारच्या वर जमत नसतील तर पूर्णवेळ माणूस लागतं. तिथे "बघू, होईल कसंतरी" असं म्हणून चालत नाही.

सातवा प्रश्न डोक्याचा. घरचा रस्ता विसरणं, जेवून झाल्यावर "मला जेवायलाच दिलं नाही" म्हणणं, संध्याकाळी घाबरणं, रात्री घराबाहेर निघणं. याला आपण "म्हातारचळ" म्हणून सोडून देतो. पण हा विसरण्याचा आजार असू शकतो. कधीकधी थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा लघवीतला जंतुसंसर्ग यामुळेही माणूस असं वागतं, आणि ते औषधाने सुधारतं. त्यामुळे आधी डॉक्टरला दाखवा. सासूबाई मुद्दाम खोटं बोलतात, असं समजून घरात भांडणं झालेली मी पाहिली आहेत. आजार आहे हे कळल्यावर निम्मी भांडणं थांबतात.

पहिलं दार : दवाखाना

सुरुवात जवळूनच करा. गावातलं उपकेंद्र, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिर, तिथे बीपी-शुगरची तपासणी आणि गोळ्या मिळतात. आशाताईंना घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव सांगून ठेवा. त्यापुढे चाकणचं ग्रामीण रुग्णालय, मग औंधचं जिल्हा रुग्णालय. शहरात राहणाऱ्यांसाठी पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, ज्याला आपण वायसीएम म्हणतो. सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी, असं कायद्यातच लिहिलं आहे. रांगेत उभं करून ठेवलं तर हे शांतपणे सांगा.

आता कार्डाचं. आधारप्रमाणे वय ७० पूर्ण असेल तर "आयुष्मान वय वंदना" कार्ड निघतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. यात उत्पन्नाची अट नाही. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं. वर्षाला कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या माणसांना मिळून ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत होतात. सासू-सासरे दोघंही सत्तरीपुढे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून, हे लक्षात ठेवा. जुना आजार असला तरी चालतो. कार्ड महा ई-सेवा केंद्रात किंवा योजनेतल्या रुग्णालयात निघतं, आशाताईही मदत करतात. भरती होण्याआधी मात्र एक प्रश्न विचाराच : "हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि हा आजार इथे योजनेत बसतो का?" आणि हे कार्ड भरती झाल्यावरच्या उपचारासाठी आहे. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून मिळत नाही.

कंपनीत काम करणाऱ्यांच्या घरात आणखी एक दार असतं, ते अनेकांना माहीतच नसतं. महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय कापला जातो. ठेकेदाराकडच्या कामगाराचासुद्धा. त्या ईएसआयमध्ये कामगाराच्या अवलंबून असलेल्या आई-वडिलांचं नाव घालता येतं. अट एवढीच की त्यांचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ९ हजार रुपयांच्या वर नको. म्हणजे तुमचे मालक ठेक्यावर असले आणि त्यांचा ईएसआय कापला जात असला, तर तुमच्या सासू-सासऱ्यांना चिंचवडच्या मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात उपचार मिळू शकतात. आज घरी गेल्यावर मालकांचं ई-पहचान कार्ड काढून बघा, त्यावर कुणाची नावं आहेत. आई-वडिलांची नसतील तर कंपनीच्या एचआरला किंवा ठेकेदाराच्या माणसाला सांगून घालून घ्या. आणि जे स्वतः ईएसआयमधून निवृत्त झाले, ज्यांची किमान ५ वर्षं नोकरी त्यात झाली, त्यांना वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांचे उपचार पुढे चालू ठेवता येतात. भोसरी-पिंपरीतल्या छोट्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या माणसांनी हे जरूर विचारावं.

मोठ्या खासगी ट्रस्ट रुग्णालयांबद्दलही लिहून घ्या. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. बिलाच्या खिडकीवर ही माहिती कुणी आपणहून देत नाही.

कॅन्सर शेवटच्या टप्प्यात असेल, वेदना थांबत नसतील, तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. १९९७ पासून तिथे कॅन्सरच्या रुग्णांची मोफत सेवा होते. घरच्या माणसांनी रुग्णाला कसं सांभाळायचं, हेही तिथे शिकवतात. "आता काही उपाय नाही, घरी न्या" असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी वेदना कमी करण्याचा उपाय असतोच.

दुसरं दार : पैसा आणि साहित्य

वय ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजना आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना आणि श्रावणबाळ यांचे पैसे मिळून येतात. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. २०२३ मध्ये ही रक्कम हजारावरून दीड हजार झाली. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत द्यायचा. आपल्या खेड तालुक्यासाठी ते राजगुरुनगरला. आधार, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. पैसे सुरू झाल्यावर दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा. तो राहिला की पैसे थांबतात, आणि घरचे म्हणतात "सरकारने बंद केलं".

२१ हजारांची मर्यादा फार कमी आहे, हे मलाही पटतं. मुलगा कंपनीत पर्मनंट असेल तर हे पैसे मिळणार नाहीत. एजंट दोन हजार घेऊन "करून देतो" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. खोटा दाखला उद्या आपल्याच अंगावर येतो.

साहित्यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा किंवा कमरेचा पट्टा घ्यायला एकदाच ३ हजार रुपये खात्यात येतात. ते त्या वस्तूवरच खर्च करून बिल द्यायचं असतं. अर्जाची चौकशी पुण्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात करा.

अर्धांगवायू झालेल्या माणसाबाबत एक खास गोष्ट. आपण त्याला "आजारी" म्हणतो, पण अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं तर ते माणूस कागदावर दिव्यांग ठरतं. यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. कार्ड हातात आलं की ग्रामपंचायतीकडे जा. ग्रामपंचायतीने, नगरपरिषदेने, महापालिकेने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. एमआयडीसी पट्ट्यातल्या आपल्या ग्रामपंचायतींना कंपन्यांकडून कर मिळतो, तेव्हा हे ५ टक्के काही थोडे नसतात. ग्रामसभेत उभं राहून विचारा, "या वर्षीचे दिव्यांगांचे ५ टक्के कुठे खर्च झाले?" हा प्रश्न एकीने विचारला तर हसण्यावारी जातो, दहा गटांनी मिळून विचारला तर कागद बाहेर निघतो.

तिसरं दार : हात

पैशापेक्षा अवघड असतात ते हात. रोज कोण करणार?

पिंपरी-चिंचवडमध्ये बरेच ब्युरो आहेत, ते घरी मावशी किंवा मामा पाठवतात. ब्युरोकडून माणूस घेताना या गोष्टी कागदावर लिहून घ्या. १२ तास की २४ तास? महिन्याच्या पैशातले ब्युरोला किती आणि मावशींच्या हातात किती? सुट्टीच्या दिवशी बदली माणूस देणार का? पोलीस पडताळणी झाली आहे का? कामं कोणती : अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं? इंजेक्शन, नळीतून अन्न, जखमेचं ड्रेसिंग ही शिकलेल्या नर्सची कामं आहेत, ती मावशींकडून करून घेऊ नका. पहिले दोन-तीन दिवस घरातलं कुणीतरी सोबत राहा. आणि मैत्रिणींनो, त्या मावशीसुद्धा कुणाच्या तरी गटातल्याच असतात. त्यांना वेळेवर जेवण, आठवड्याची सुट्टी आणि ताई-मावशी म्हणून हाक, एवढं तर द्यायलाच हवं.

ज्यांना माणूस ठेवणं परवडत नाही, त्यांच्या घरी हे काम कुणावर येतं? सुनेवर. जमीन ज्याच्या नावावर, त्याच्या आई-वडिलांचं सगळं करते ती त्याची बायको, आणि तिचं नाव सातबाऱ्यावर नसतं. म्हणून घरात बसून कामाची वाटणी करा. वडिलांना अंघोळ मुलगा घालू शकतो. सेकंड शिफ्टला जाणारा मुलगा सकाळचं बघू शकतो. दुसऱ्या भावाला जमत नसेल तर त्याने मावशींच्या पगाराचा वाटा द्यावा. लेकींनीही महिन्यातून दोन दिवस येऊन वहिनीला सुट्टी द्यावी. हे भांडून होत नाही. कागदावर वार लिहून भिंतीला लावला की होतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी करणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळा. एक, दर दोन तासांनी कूस बदला आणि माकडहाड, खुबा, टाचा रोज उजेडात बघा. लाल चट्टा दिसला तर तिथे चोळू नका, त्यावरचा भार काढा. हवेची गादी मिळाली तर उत्तमच, पण ती असली तरी कूस बदलायचीच. दोन, झोपवून पाणी पाजू नका, भरवू नका. टेकून बसवा आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू द्या, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. तीन, उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका. सासूला उचलता उचलता सुनेची कंबर गेली तर घरात दोन रुग्ण होतात.

चौथं दार : वृद्धाश्रम

वृद्धाश्रम म्हटलं की आपल्याकडे माना खाली जातात. "लोक काय म्हणतील?" पण ज्या माणसाला मूलबाळ नाही, ज्याची मुलं सांभाळू शकत नाहीत, किंवा ज्याला घरात मारहाण होते, त्याच्यासाठी चांगला आश्रम हा आसराच आहे. आश्रम दोन प्रकारचे. एक, निराधारांसाठी सरकारी अनुदानावर किंवा देणगीवर चालणारे, आणि दुसरे, महिन्याचे पैसे घेणारे. पुण्यात नवी पेठेतला "निवारा" ही जुनी संस्था अनेकांनी ऐकलेली असेल.

आश्रम बघायला स्वतः जा, दोनदा जा, आणि दुसऱ्यांदा न सांगता जेवणाच्या वेळेला जा. विचारा : संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का? अंथरुणाला खिळलेलं माणूस घेतात का? कारण अनेक ठिकाणी फक्त चालतं-फिरतं माणूस घेतात, आणि पडलं की घरी न्यायला सांगतात. रात्री किती माणसं कामावर असतात? डॉक्टर कधी येतात? डिपॉझिट परत मिळतं का, पावती देतात का? भेटायला कधीही येता येतं का? आणि सगळ्यात आधी ज्याला तिथे राहायचं आहे त्यालाच विचारा. देवदर्शनाला नेतो सांगून आश्रमात सोडून येणं, याला काळजी म्हणत नाहीत.

पाचवं दार : कायदा

हे दार नाइलाज झाला की ठोठवायचं, पण ते आहे हे माहीत हवं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ चा आहे. साठीच्या पुढचं माणूस आणि कोणत्याही वयाचे आई-वडील, ज्यांना स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागवता येत नाही, ते मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्याकडून निर्वाह मागू शकतात. मूल नसेल तर ज्याला त्यांची मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून. महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत रक्कम ठरू शकते.

अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे. चाकण आणि आसपासच्या गावांसाठी खेडच्या प्रांत कार्यालयात, राजगुरुनगरला. पिंपरी-चिंचवडच्या मैत्रिणींनी अप्पर तहसील कार्यालयात विचारावं. वकील लावावा लागत नाही. नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, फार तर ३० दिवस आणखी, असं कायदा म्हणतो. आधी समेट करायचाही प्रयत्न होतो. आणि ज्यांचे आई-वडील बीडला, लातूरला किंवा बुलढाण्याला आहेत त्यांच्यासाठी : अर्ज आई-वडील राहतात तिथेही करता येतो आणि मुलगा राहतो तिथेही. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणं हा गुन्हा आहे. त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता आपल्या पट्ट्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. जमिनीला भाव आला तशी बक्षीसपत्रं आणि हक्कसोडपत्रं वाढली. "आई, सही कर, सगळं तुझ्यासाठीच आहे," असं म्हणत अंगठा घेतला जातो, आणि दोन वर्षांत आईचं अंथरूण पडवीत येतं. या कायद्याचं २३ वं कलम सांगतं की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. पण डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सांभाळाची अट होती हे दिसलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवलं. तिथे सांभाळ करण्याचं वचनपत्र होतं, त्याचा आधार मिळाला. म्हणून दस्तात स्पष्ट लिहा : "जिवंत असेपर्यंत जेवण, औषध, राहणं आणि सेवा करण्याच्या अटीवर ही मालमत्ता देत आहे." त्याहून बरं म्हणजे बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात आणि आपण असेपर्यंत मालमत्ता आपल्याच नावावर राहते. हे लेकी-सुनांनी सासूला, आईला समजावून सांगायचं आहे. उद्या आपणही त्याच वयात जाणार आहोत.

कायद्याचा मोफत सल्ला हवा असेल तर राजगुरुनगरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. बाईला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन नंबर १५१००.

दारं कळत नसतील तर : एक फोन

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर १४५६७ हा नंबर फिरवा. ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, एल्डरलाइन. फोन फुकट, सकाळी ८ ते रात्री ८, आठवड्याचे सातही दिवस. महाराष्ट्रात ती पुण्याची जनसेवा फाउंडेशन ही संस्था चालवते. वृद्धाश्रम, दवाखाना, पेन्शन, कायदा, घरातला छळ, रस्त्यावर सापडलेलं म्हातारं माणूस, सगळ्यासाठी तिथे विचारता येतं. मारहाण चालू असेल तर मात्र थेट ११२. अचानक तब्येत बिघडली तर रुग्णवाहिका १०८.

गट काय करू शकतो?

एकटीला ही पाच दारं जड जातात, दहा जणींना नाही. पुढच्या बैठकीत अर्धा तास फक्त या विषयाला द्या आणि ही कामं वाटून घ्या.

१. गटातल्या सगळ्या घरांची यादी करा : साठीच्या पुढे कोण, सत्तरीच्या पुढे कोण, अंथरुणाला कोण, एकटं कोण. सत्तरीपुढच्या सगळ्यांची कार्डं एकाच दिवशी, एक गाडी करून काढून आणा.

२. साहित्याची पेढी करा. म्हातारं माणूस गेल्यावर वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर माळ्यावर पडून राहते. ती गटाने मागून घ्यावी, धुऊन ठेवावी आणि गरज असेल त्या घरी वापरायला द्यावी. नोंद गटाच्या वहीत.

३. विसाव्याची पाळी लावा. जिच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तिच्याकडे आठवड्यातून एकदा दोन तास दुसरीने जाऊन बसायचं. त्या दोन तासांत ती बँकेत जाईल, केस धुईल नाहीतर नुसती झोपेल. याला पैसे लागत नाहीत.

४. आजारपणासाठीचं अंतर्गत कर्ज आणि ग्रामसंघाकडचा जोखीम प्रवणता निधी यांतून अशा घराला काय देता येईल, त्याचा ठराव आधीच करून ठेवा. रुग्ण गाडीत घातल्यावर बैठक बोलवता येत नाही.

५. ज्या तरुण मैत्रिणींना काम हवं आहे त्यांनी रुग्णसेवेचं शिक्षण घ्यावं. केरळात कुटुंबश्रीच्या बायकांनी हेच केलं. २०१८ पासून "हर्षम" या नावाने त्यांनी शिकलेल्या बायका तयार केल्या, त्या म्हाताऱ्या माणसांची काळजी पगार घेऊन करतात. निगडी-प्राधिकरणापासून चाकणपर्यंत या कामाला मागणी आहे. आपण हे काम पिढ्यान्पिढ्या फुकट करत आलो. ते शिकून, कागद घेऊन केलं तर त्याला भाव येतो.

शेवटचं एक. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज दहा मिनिटं नुसतं बोलायला बसा. गोळी दिली का, जेवलात का, एवढंच विचारू नका. त्यांच्या वेळचं चाकण कसं होतं, बाजार कसा भरायचा, कांद्याच्या पट्टीला काय भाव मिळायचा, ते विचारा. आणि बोलता बोलताच विचारून घ्या : "तुम्हाला पुढे कुठे राहायला आवडेल? दवाखान्यात किती करावं असं वाटतं? कागद कुठे ठेवलेत?" हे प्रश्न धडधाकट असताना विचारलेले बरे. पुढे वाचा गेली तर उत्तर द्यायला त्यांना जमणार नाही, आणि ठरवायची वेळ आपल्यावर येईल.

वहीतलं पान फाडून देवघराजवळ लावा : १४५६७, १०८, ११२, १५१००. पुढच्या बैठकीला येताना एकीने सांगायचं, कुणाचं कार्ड निघालं. दुसरीने सांगायचं, ईएसआयमध्ये कुणाच्या सासूबाईंचं नाव लागलं. तोपर्यंत सगळ्याजणी तब्येतीची काळजी घ्या, घरातल्यांची आणि स्वतःचीसुद्धा. नमस्कार!